सत्कार नंतर करा, सही आधी द्या

प्रति,
कोल्हापूर जिल्ह्यातील शिक्षण संस्थांचे विश्वस्त, शाळा-महाविद्यालयांचे मुख्याध्यापक व प्राचार्य,
तसेच सहकारी साखर कारखाने, दूध संस्था आणि सहकारी बँकांचे संचालक

स.न.वि.वि.

माझे सत्कार भरपूर झाले. आता त्याच प्रेमानं मदतीची वेळ थोडी अलीकडे आणा, एवढं मागण्यासाठी हे पत्र लिहिते आहे.

मी राधानगरी तालुक्यातली. वडील ऊस आणि भात करतात, आई म्हशी आणि बचत गटाचा हिशेब सांभाळते. अकरावी-बारावी कोल्हापुरात वसतिगृहात राहून केली, सध्या बी.एस्सी. करते आहे. बारावीत असताना लंडन इंटरनॅशनल युथ सायन्स फोरम या विद्यार्थ्यांच्या विज्ञान मेळाव्यासाठी माझी निवड झाली आणि परीक्षा देऊन जुलैअखेरीस मी तिकडे जाऊन आले. परत आल्यावर गावात, तालुक्याला, शहरात कार्यक्रम झाले. शाल, श्रीफळ, फेटा, फोटो. बोलावणाऱ्या प्रत्येकाची माया खरी होती आणि तिची किंमत मला आहे. पण व्यासपीठावर बसलेल्या कितीतरी जणांकडे मी आणि वडील त्याआधीच्या महिन्यांत जाऊन आलो होतो. तेव्हा आम्हाला लागत होतं ते अगदी थोडं: शाळेच्या लेटरहेडवर इंग्रजीत एक पत्र, त्यावर सही-शिक्का, आणि ठरलेल्या तारखेआधी खात्यावर पैसे.

आधी हा मेळावा काय आहे ते सांगते, कारण 'लंडनला सहल' असंच बऱ्याच जणांना वाटतं. तो १९५९ पासून भरतो. दोन आठवडे, इम्पिरियल कॉलेजच्या साउथ केन्सिंग्टनच्या आवारात, १६ ते २१ वयाची मुलं-मुली जगभरातून शेकड्यांनी येतात. शास्त्रज्ञांची व्याख्यानं असतात, प्रयोगशाळांना भेटी असतात, आणि विद्यार्थ्यांनी स्वतः केलेलं काम पोस्टरवर मांडायचं असतं. परीक्षा नसते, गुणपत्रिका मिळत नाही. त्यामुळं पहिला प्रश्न हमखास येतो, 'मग उपयोग काय?' मला माझ्या पोस्टरपाशी जे घडलं त्यावरूनच याचं उत्तर देता येईल.

माझं काम गुळावर होतं. माझ्या मामांचं करवीर तालुक्यात गुऱ्हाळ आहे. लहानपणापासून हंगामात तिथं राहिलेली असल्यामुळं काहिलीतला रस कसा तापतो, गुळव्या कधी चुना टाकतो, भेंडीचं पाणी कधी सोडतो हे बघत आले. भेंडीची खोडं ठेचून पाण्यात घोळली की बुळबुळीत रस निघतो. तो काहिलीत सोडला की उसाच्या रसातली घाण त्याला चिकटून वर येते, तिची मळी धरते आणि ती झाऱ्यानं काढतात. रस निवळ होतो तो असा. पण बाजारात पिवळ्याधमक गुळाला दर जास्त, म्हणून बरेच जण वर हायड्रोस, म्हणजे रंग उडवणारी सोडियम हायड्रोसल्फाइटची पावडर, टाकतात. त्यानं रंग उजळतो आणि गुळात सल्फर डायऑक्साईड राहतो. आपल्या अन्न मानकांत त्याची मर्यादा किलोमागे ७० मिलिग्रॅम आहे. मी नुसत्या भेंडीवर काढलेला गूळ आणि हायड्रोस टाकलेला गूळ आणून कॉलेजच्या प्रयोगशाळेत आयोडीनचं अनुमापन (टायट्रेशन) केलं, म्हणजे किती आयोडीन खर्ची पडतं त्यावरून सल्फर डायऑक्साईड मोजला. ब्युरेट, आयोडीन, स्टार्च, बस्स. निळा रंग ठरला की वाचन घ्यायचं. कोल्हापुरी गुळाला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ते नाव टिकायचं तर त्यात काय शिल्लक राहतं हे आपणच मोजायला हवं, एवढाच त्यामागचा विचार होता.

पोस्टर लावलं तेव्हा माझ्या शेजारी कर्करोगाच्या पेशींवर काम केलेला मुलगा होता आणि पलीकडे स्वतः बनवलेला रोबो घेऊन आलेल्या मुली. माझ्याकडे गुळव्याचा, चुलवाणाचा आणि मळी काढतानाचा फोटो. बराच वेळ लोक येत होते, बघून पुढं जात होते. मग एक मुलगी आली आणि चुलवाणाच्या फोटोवर बोट ठेवून उभीच राहिली. ती कोलंबियाची होती. तिच्याकडे उसाच्या रसाचा असाच गूळ करतात, त्याला पानेला म्हणतात. गूळ करण्यात भारताखालोखाल कोलंबियाचाच नंबर लागतो, हे मला तिच्याकडूनच कळलं. तिच्या आजोळी पानेलाचं गुऱ्हाळ होतं. तिनं मला विचारलं, "तुम्ही रस निवळायला काय घालता?" मी भेंडी सांगितली. तिच्याकडे ग्वासिमो नावाच्या झाडाची साल ठेचून तिचा चिकट रस सोडतात. आम्ही दोघींनी फोनवर दोन्ही वनस्पतींची कुळं शोधली. भेंडी माल्व्हेसी कुळातली. ग्वासिमोही माल्व्हेसी कुळातलंच. त्यांच्याकडची बाल्सो आणि कादियो ही आणखी दोन झाडं अशीच वापरतात, तीही त्याच कुळातली.

त्या वेळी मला काय वाटलं ते नीट सांगता यायचं नाही. एकमेकांना कधी न पाहिलेल्या गुळव्यांनी, दोन खंडांत, शेकडो झाडं सोडून एकाच कुळातल्या झाडांवर हात ठेवला होता. का? त्या चिकट रसात असं काय आहे? तो प्रश्न माझ्या मामांच्या गुऱ्हाळात मी जन्मभर बसले असते तरी मला पडला नसता, आणि तिलाही तिच्या आजोळी पडला नसता. आता आम्ही दोघी त्यावर काम करतो. ती तिकडच्या सालींचा रस काढते, मी इकडं भेंडीचा, आणि महिन्यातून एकदा व्हिडिओ कॉलवर वह्या समोर धरून आकडे ताडून बघतो. उपयोग काय, असं विचारणाऱ्यांना मी ही वही दाखवते.

बाकीचं थोडक्यात सांगते. व्याख्यान संपलं की सभागृहात प्रश्नांसाठी रांग लागायची. इटलीची, तैवानची मुलं मोडक्या इंग्रजीत, अडखळत, पण ठामपणे विचारायची आणि व्याख्याते तितक्याच गंभीरपणे उत्तर द्यायचे. आपल्याकडे चांगली मराठी बोलणारी हुशार मुलं इंग्रजीच्या धास्तीनं बारावीपर्यंत तोंड उघडत नाहीत. तिथं पहिले काही दिवस मीही गप्प होते, मग रांगेत उभी राहिले. बागेतल्या गवतावर बसून, जेवणाच्या रांगेत, बसमध्ये जे बोलणं व्हायचं ते तर कुठल्याच वेळापत्रकात नव्हतं, आणि माझ्या मते निम्मं शिक्षण तिथंच होतं.

एका दिवशी आमच्या गटाची भेट ऑक्सफर्डजवळ हार्वेलला होती. तिथं डायमंड लाइट सोर्स नावाचं सिंक्रोट्रॉन आहे. इलेक्ट्रॉन जवळजवळ प्रकाशाच्या वेगानं गोल फिरवतात आणि त्यातून निघणाऱ्या तीव्र क्ष-किरणांनी प्रथिनांची, धातूंची, औषधांची आतली रचना बघतात. कड्याचा परीघ ५६२ मीटर. मी भारावून गेले. रात्री खोलीवर येऊन शोधलं तर कळलं, असं यंत्र भारतात इंदूरला आहे. राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रातलं इंडस-२, परीघ १७२ मीटर. माझ्या देशात, महाराष्ट्राला लागून असलेल्या राज्यात! आणि ते आहे हे कळायला मला लंडनला जावं लागलं. विज्ञान शाखेत दोन वर्षं काढली, भौतिकशास्त्राचा पेपर दिला, पण वर्गात ते नाव एकदाही निघालं नाही. मुख्याध्यापक आणि प्राचार्यांना माझी कळकळीची विनंती आहे, परदेश राहू द्या बाजूला, पण अकरावीच्या मुलांना एकदा इंदूर तरी दाखवा.

आता अडचणींकडे येते. या मी सविस्तर लिहिणार आहे, कारण पुढच्या मुलीला नेमक्या याच येणार आहेत.

सुरुवात शाळेच्या पत्रापासून झाली. अर्जासोबत शिक्षकांचं शिफारसपत्र लागतं. सरांची इच्छा होती, पण कार्यालयातून उत्तर आलं की असं पत्र देण्याची पद्धत नाही, वरून परिपत्रक आलेलं नाही, संस्थेच्या सचिवांना विचारावं लागेल. सचिव बाहेरगावी. मग सुट्टी. शेवटी सरांनी स्वतःच्या नावावर पत्र दिलं आणि प्राचार्यांनी मुदतीच्या आदल्या दिवशी शिक्का मारला. मी कोणाला दोष देत नाही. ते काम कोणाचंच नव्हतं, म्हणून कोणीच केलं नाही.

मग पासपोर्ट. माझ्या जन्मदाखल्यावर माझं नावच नव्हतं. बारसं व्हायच्या आधी ग्रामपंचायतीत नोंद झाली होती, नुसतं 'मुलगी'. शाळेच्या दाखल्यावर आईचं नाव एक, आधारवर दुसरं, रेशनकार्डावर तिसरं. आपल्या खेड्यापाड्यांत निम्म्या घरांत हेच आहे. हे सगळं एका रेषेत आणायला ग्रामपंचायत, शाळा, सेवा केंद्र, तहसील असे हेलपाटे घालावे लागले, आणि वडिलांचा प्रत्येक हेलपाटा म्हणजे शेतातला एक दिवस. हे दाखले आठवीतच दुरुस्त झाले असते तर? शाळेत मुलांचे दात आणि डोळे तपासतात, तशी कागदपत्रंही एकदा तपासली तर पुढची धावपळ निम्मी कमी होईल.

व्हिसाचं प्रकरण याहून अवघड. घरच्या उत्पन्नाचा पुरावा म्हणून सगळे आयकर विवरणपत्र सांगतात. शेतीच्या उत्पन्नावर आयकरच नाही, त्यामुळं माझ्या वडिलांनी विवरणपत्र कधी भरलेलं नाही. आमच्या घरचा पुरावा म्हणजे कारखान्याचं ऊसबिल, दूध संस्थेचं दहा दिवसांचं बिल, सातबारा आणि तहसीलदारांचा दाखला. सगळं मराठीत. प्रत्येक कागदाचं प्रमाणित इंग्रजी भाषांतर लागतं, खाली भाषांतर करणाऱ्याचं नाव, सही आणि तारीख. जिल्हा बँकेच्या शाखेत इंग्रजीतलं, शिक्क्याचं खातेउतारा-पत्र मागितलं तर साहेबांनाच ते पहिल्यांदा करायचं होतं. मी अठराची नव्हते, म्हणून एकटीनं प्रवास करायला आई-वडिलांचं संमतीपत्र. बोटांचे ठसे द्यायला पुणं.

आणि सगळ्यात महत्त्वाची गोष्ट पैशांची, जी मला कोणी आधी सांगितली नव्हती. मेळाव्याचं शुल्क दोन हजार पौंडांहून जास्त, म्हणजे दोन लाख रुपयांच्या वर. त्यावर विमान, व्हिसा, विमा यांचा खर्च वेगळा. बँकेत शैक्षणिक कर्ज विचारलं, तर ते पदवी-पदविकेच्या अभ्यासक्रमांना मिळतं, दोन आठवड्यांच्या कार्यक्रमाला नाही. राजर्षी शाहू महाराजांच्या नावानं राज्य सरकारची परदेश शिष्यवृत्ती आहे, ती अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी, पदव्युत्तर आणि पीएच.डी.साठी. शाळकरी वयातल्या छोट्या कार्यक्रमांसाठी हातात काहीच येत नाही. मग आईचा बचत गट, मामा, आत्या, वडिलांनी घेतलेली उसाची उचल. चार ठिकाणांहून रक्कम जमली आणि एकदम खात्यात पडली. नंतर कळलं, व्हिसा तपासणारे नेमकं हेच बघतात. अर्जाच्या तोंडावर खात्यात अचानक मोठी रक्कम आली की ती कुठून आली याचा खुलासा लागतो. मग प्रत्येक नातेवाइकाचं पत्र, प्रत्येकाचा खातेउतारा. घरी सगळे हादरून गेले होते. पैसे देऊन आपण गुन्हा केला की काय, असं आत्याला वाटायला लागलं.

म्हणून सांगते, उशिरा आलेली मदत अशा वेळी नुसती अपुरी पडत नाही, ती अडचण होऊन बसते. दहा जणांनी शेवटच्या आठवड्यात पाकिटं देण्यापेक्षा एका संस्थेनं चार महिने आधी 'या विद्यार्थिनीचं शुल्क आम्ही भरतो आहोत' असं पत्र देऊन थेट आयोजकांना पैसे पाठवले असते, तर निम्मे कागद लागलेच नसते.

कोल्हापूरला हे शिकवायची गरज नाही, याचा मला फार अभिमान आहे. खाशाबा जाधव मूळचे कराडजवळच्या गोळेश्वरचे, पण शिकले आपल्या राजाराम कॉलेजात. १९४८ साली ते लंडन ऑलिंपिकला गेले तो खर्च कोल्हापूरच्या महाराजांनी केला. १९५२ मध्ये हेलसिंकीला जायची वेळ आली तेव्हा पैसे नव्हते. सरकारकडून 'स्पर्धा झाल्यावर या' असं उत्तर मिळाल्याचं सांगतात. तेव्हा राजाराम कॉलेजचे प्राचार्य राहिलेल्या खर्डेकरांनी आपलं राहतं घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. खाशाबांनी कांस्यपदक आणलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. नंतर बैलगाड्यांची मोठी मिरवणूक निघाली, ती सगळ्यांना माहीत आहे. मला त्या मिरवणुकीपेक्षा गहाणखतावरची खर्डेकरांची सही मोठी वाटते. पदक येईल की नाही हे कोणालाच ठाऊक नसताना ती झाली होती. आणि खाशाबांनी परत आल्यावर कुस्त्यांची मैदानं भरवून ते पैसे फेडले, हेही विसरू नये.

कुस्तीसाठी, फुटबॉलसाठी, नेमबाजीसाठी या जिल्ह्यात तालमी आहेत, मंडळं आहेत, गावकी पैसे काढते. कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे २०२४ मध्ये पॅरिसला कांस्यपदक जिंकला तेव्हा आमच्या तालुक्यात घराघरांत गुलाल उधळला गेला. तेवढीच ताकद अभ्यासाच्या मागे उभी राहावी, असं मला वाटतं. जयंत नारळीकरांचा जन्म कोल्हापूरचा. हे आपण भाषणात सांगतो, तर त्यांच्या वाटेनं जाऊ पाहणाऱ्या पोरांसाठी एखादी तालीम उभी करायला काय हरकत आहे?

शाहू महाराज १९०२ साली सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकासाठी लंडनला गेले होते, तेव्हा केंब्रिजनं त्यांना एलएल.डी. दिली. त्याच मुक्कामात, २६ जुलैला, संस्थानच्या नोकऱ्यांत मागासलेल्यांसाठी निम्म्या जागा राखण्याचा त्यांचा हुकूम इकडं निघाला. त्याआधीच्या वर्षी मराठा बोर्डिंग सुरू झालं होतं, मग जैन, मुस्लिम, लिंगायत अशी एकेक बोर्डिंगं उभी राहिली. दसरा चौकातून जाताना ती आजही दिसतात. खेड्यातल्या मुलाला शहरात शिकायचं तर त्याला राहायला जागा हवी, जेवण हवं, एवढा साधा विचार. १९२० मध्ये बाबासाहेब आंबेडकर लंडनला अपुरं राहिलेलं शिक्षण पुरं करायला निघाले, तेव्हाही महाराजांनी मदत केली, निघण्याआधी. बोर्डिंग ही त्या काळची गरज होती. आजच्या मुलाला बोर्डिंगच्या जोडीला सही, दाखला आणि वेळेवर पैसे लागतात. याच बोर्डिंगांमधल्या एका खोलीत हे काम सुरू व्हावं, असं माझं मागणं आहे.

शिक्षण संस्थांनी एका शिक्षकाला हे काम लेखी नेमून द्यावं आणि त्यासाठी त्यांचे काही तास कमी करावेत. अशा कार्यक्रमांची यादी, मुदती, शिफारसपत्रं, दाखले हे सगळं त्यांनी बघायचं. पत्रावर सही करायचा अधिकार मुख्याध्यापकांनाच असावा, सचिवांकडे फाईल जाऊ नये. बारावीनंतर जाणाऱ्यांच्या प्रवेशाच्या फेऱ्या नेमक्या जुलै-ऑगस्टमध्ये येतात, तेव्हा पालकांनी कागद सादर केले तर चालावेत. मी बी.एस्सी.ला गेले म्हणून निभावलं. अभियांत्रिकीच्या रांगेतल्या मुलाला हे दोन आठवडे सोडून द्यावे लागतील.

कारखाने, दूध संघ, बँका यांच्या संचालकांना सांगायचं तर मी देणगी मागत नाही. एक फिरता निधी करा. वार्षिक सभेत मंजुरी घेऊन थोडी रक्कम बाजूला काढा, निवडपत्र आलेल्या विद्यार्थ्याचं शुल्क थेट आयोजकांकडे भरा आणि मुलं कमवायला लागली की हप्त्यांनी परत घ्या. ज्यांना ते जमणार नाही त्यांनी परत येऊन गावोगावच्या शाळांत शिकवावं. आपल्या बँकेच्या प्रत्येक तालुका शाखेत इंग्रजीतल्या खातेउताऱ्याचा आणि ऊसबिलाच्या प्रमाणपत्राचा एक छापील नमुना ठेवा. त्याला तर पैसाही लागत नाही.

सगळेच कार्यक्रम महाग नसतात, हेही मुलांना सांगा. केंद्र सरकारच्या इन्स्पायर-मानक योजनेत शाळा पाच मुलांच्या कल्पना पाठवू शकते. निवडलेल्या कल्पनेला दहा हजार रुपये मिळतात आणि राष्ट्रीय पातळीवर पोहोचलेल्यांतली काही मुलं साकुरा विज्ञान कार्यक्रमातून जपानच्या खर्चानं जपानला जाऊन येतात. विज्ञान ऑलिंपियाडची तयारी मुंबईचं होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र करून घेतं आणि देशाच्या संघाच्या प्रवासाचा खर्च सरकार करतं. जिनिव्हाची सर्न ही अणूहूनही लहान कणांवर संशोधन करणारी संस्था शाळकरी मुलांच्या संघांना स्वतःचा प्रयोग सुचवायला सांगते आणि जिंकणाऱ्यांना बोलावून यंत्रातल्या कणांच्या खऱ्या झोतावर तो करू देते. या दारांना फारसे पैसे लागत नाहीत. तिथं फक्त नीट भरलेला अर्ज लागतो, आणि मुलांबरोबर संध्याकाळी थांबणारा एक शिक्षक.

आणि एक सावधगिरी. 'अभिनंदन, तुमची निवड झाली' असे ईमेल हल्ली भराभर येतात. परिषदेचं मोठं नाव, परदेशातलं हॉटेल, दोन व्याख्यानं, बाकी फिरणं, शेवटी प्रमाणपत्र. अर्जात ना काम विचारतात ना शिक्षकांचं मत. माझ्या ओळखीच्या एका घरानं अशासाठी म्हैस विकली. आयोजक कोण, किती वर्षं चालू आहे, मुलानं तिथं काय मांडायचं आहे, शिकवणारे कोण, हे बघून सांगणारं माणूस गावात नसतं. नेमलेल्या शिक्षकांचं ते सर्वांत मोठं काम असेल. माझ्या मेळाव्यालाही शुल्क होतं, म्हणून हे मी जास्तच जबाबदारीनं लिहिते. ज्या मुलाकडे स्वतः केलेलं काही काम नाही त्याला निधीतून पाठवू नका. आधी त्याला काम करायला प्रयोगशाळा उघडून द्या. आमच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेला सुट्टीत कुलूप असायचं. माझी निम्मी वाचनं एका शिपाईमामांच्या चांगुलपणावर झाली. ते त्यांची सुट्टी सोडून येऊन दार उघडायचे.

मुलींबद्दल दोन शब्द. माझ्या आजीचा पहिला प्रश्न होता, "पोरीला एकटीला एवढ्या लांब?" आईनं उत्तर दिलं, "ती कोल्हापुरात दोन वर्षं एकटीच ऱ्हायली की." पण प्रत्येक घरात अशी आई नसते. तिथं मुख्याध्यापिकाबाईंनी घरी जाऊन चहा घेत बसलं पाहिजे, राहण्याची सोय कशी आहे, बरोबर कोण आहे, फोन कसा होणार हे आजीला समजावून सांगितलं पाहिजे. आमच्या गावात बाईंचा शब्द मोडत नाहीत.

पुढच्या उन्हाळ्यातल्या बहुतेक कार्यक्रमांचे अर्ज दिवाळीच्या आगेमागे सुरू होतात. म्हणजे शिक्षकाची नेमणूक पहिल्या सत्रातच व्हायला हवी. माझी सगळी फाईल माझ्याकडे आहे: संमतीपत्राचा नमुना, सातबाऱ्याचं भाषांतर, ऊसबिलाचं प्रमाणपत्र, शिफारसपत्र, व्हिसाला जोडलेल्या कागदांची यादी. ज्या शाळेला हवी तिनं झेरॉक्स काढून घ्यावी. रविवारी मी कोल्हापुरात असते. एखाद्या बोर्डिंगनं एक टेबल आणि दोन खुर्च्या दिल्या तर मी आणि माझ्या वर्गातल्या दोन मैत्रिणी दर रविवारी सकाळी येऊन बसू, मुलांचे दाखले तपासू, अर्ज भरायला मदत करू. टेबल कुठं ठेवायचं ते तेवढं कळवा.

आपली नम्र,
राधानगरी तालुक्यातील एक विद्यार्थिनी